कॉम्प्युटरात चौऱ्याऐंशी, लॅपटॉपात एकसष्ट

सोमवार, २४ फेब्रुवारी १९९७

शेवटचा फोटो आज स्कॅन झाला. एकूण चौऱ्याऐंशी. तीन आठवडे पुढच्या खोलीत लग्नपत्रिका आणि प्रश्नपत्रिकांच्या छपाईची कामं बाजूला सारून हेच चाललं होतं. माझा नवरा चांगदेव म्हणाला, "आता निदान जेवायला टेबल मिळेल."

हे सगळं आवडाबाईच्या खळ्यासाठी. कोपरच्या पुढे खाडीवर नऊ कोळी घरं आहेत आणि त्यांच्यापुढे मासळी सुकवायचं खळं. सरकारी नोटीस म्हणते की ती जागा पडीक होती आणि हे लोक तिथे १९९० नंतर पसरले. त्या जागेला कुंपण घालून तिथे ट्रक उभे करायचे आहेत. कुंपणाचं काम घेतलेल्या ठेकेदाराचे सिमेंटचे खांब येऊन पडलेसुद्धा. कागद म्हणून या लोकांकडे काही नाही. फोटो मात्र आहेत, खळ्यावरच्या हळदी, शिमगे, जाळी विणणारे म्हातारे. फोटो दाखल करायचे तर कार्यालय ते महिनोन्महिने ठेवून घेणार, आणि त्यातले अर्धे गेलेल्या माणसांचे, भिंतीवरचे, हार घातलेले. आवडाबाई रोज धुतलेल्या लुगड्यात बांधून दहा-बारा फोटो आणायची आणि रोज एकच बजावायची, "दिवं लागायच्या आधी म्हातारा घरान गेला पायजे, बाय." म्हातारा म्हणजे तिच्या सासऱ्याचा फोटो.

एकदाही उशीर केला नाही. एवढं मी स्वतःबद्दल लिहू शकते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

नऊ घरांच्या नऊ फ्लॉप्या केल्या. पहिलं घर आवडाबाईचं, कारण तिचा नवरा गोमाजी भावांत थोरला होता. मग मानाप्रमाणे बाकीची. सोबत यादी छापली: क्रमांक, फोटोत कोण, कुठे, साल. साल जिथे ठाऊक नाही तिथे 'सुमारास' लिहिलं. आवडाबाई म्हणत होती, "लिव ना पंचावन. कोन बघतंय?" मी बघते, असं तिला सांगितलं. ती हसली, पण तिला आवडलं नाही.

जाधव वकील कल्याणला बसतात. त्यांनी कुठूनसा जुना लॅपटॉप मिळवला आहे, त्यावर ते सुनावणी घेणाऱ्या साहेबांना फोटो दाखवणार. फ्लॉप्या घेऊन नाथा गेला. नाथा नवव्या घरातला, आवडाबाईच्या नात्यातला. दोन वर्षांपूर्वी तो याच ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. तसं म्हटलं तर यात काही नाही. नोंद म्हणून लिहिते.

रविवार, २ मार्च

वकिलांचा फोन. फ्लॉप्या काल मिळाल्या. म्हणजे एक रात्र त्या नाथाकडे होत्या. विचारलं तर म्हणे सासू आजारी, खडवलीला गेलेलो.

वकील खुशीत होते. "वहिनी, तुमच्या फ्लॉप्यांना सुकटीचा वास येतोय. लॅपटॉपला आता मांजर बांधावी लागेल."

"सगळे फोटो आले ना?"

"आले की. मध्ये मध्ये ते काहीतरी विचारत होतं, मी हो हो करत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला इतक्या वेळा हो म्हटलं असेल."

चांगदेवला सांगितलं, तोही हसला.

गुरुवार, ६ मार्च

लिहायची इच्छा नाही, पण लिहिणार.

कार्यालयात आज पहिली सुनावणी. साहेबांच्या हातात माझी यादी, टेबलावर वकिलांचा लॅपटॉप. साहेबांनी वाचलं, "क्रमांक एक. दामाजी, खळ्यावर जाळं विणताना. १९६२च्या सुमारास." वकिलांनी फोटो उघडला. पडद्यावर गॉगल घातलेला एक तरुण, मोटारसायकलवर, मांडीवर टेपरेकॉर्डर.

साहेब म्हणाले, "बासष्ट साली फारच पुढारलेला होता हो तुमचा दामाजी."

सगळं कार्यालय हसलं. शिपाईसुद्धा. पुढचे तीन फोटो बरोबर निघाले. पाचव्यावर जनाबाई, मासळी निवडताना, आणि पडद्यावर शाळेच्या गणवेशातली मुलगी. मग साहेबांनी बघायचं सोडून दिलं. मी तिथेच मोजले. यादीत चौऱ्याऐंशी, लॅपटॉपमध्ये एकसष्ट. जे गेले ते बहुतेक जुने.

साहेबांनी लिहिलं, 'यादी व फोटो जुळत नाहीत, पुरावा अविश्वसनीय.' वीस तारखेला ते खळ्यावर स्वतः येणार आहेत. तोवर जुळलं नाही तर कुंपणाचं काम सुरू.

बाहेर आवडाबाईने विचारलं, "म्हातारा कुठं गेला गो, बाय?"

शुक्रवार, ७ मार्च

घरच्या कॉम्प्युटरवर सगळे चौऱ्याऐंशी जागच्या जागी आहेत. प्रत्येक उघडून पाहिला. म्हणजे बिघाड इथे नाही. इथून निघाल्यावर आणि वकिलांकडे पोचण्याआधी काय झालं? मध्ये एक रात्र आहे. ठेकेदाराच्या कचेरीत कॉम्प्युटर आहे, मी पाहिलाय. नेमके जुने फोटो जावेत, नवे राहावेत, हे यंत्र आपणहून करत नाही. त्यामागे हेतू लागतो.

संध्याकाळी आवडाबाईकडे गेले आणि एवढंच म्हणाले, "फ्लॉप्या एक रात्र नाथाकडे होत्या. मी आरोप करत नाही. जे आहे ते सांगते."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "बरा झाला सांगितलास."

जे आहे ते सांगणं यात चूक काय?

रविवार, ९ मार्च

नऊही घरांत गेलंय. माझ्या एका वाक्याला दोन दिवसही लागले नाहीत. होळीचं झाड आणायला दरवर्षी नाथा पुढे असतो. या वर्षी त्याला बोलावणार नाहीत, असं ठरलं. नाथा माझ्या दारात आला, आत नाही आला.

"मॅडम, त्यान काय होता ते मी बघितलेलो पन नाय. पिशवी सासूच्या खाटेखाली होती. तुमी काय सांगितलाव?"

"तुमच्याकडे एक रात्र होत्या एवढंच."

"एवढंच," तो म्हणाला आणि गेला.

मी चांगदेवला सगळं सांगितलं. मला वाटलं तो म्हणेल, तू बरोबर केलंस. तो भाजी निवडत होता. म्हणाला, "तू मोहन्याच्या कचेरीत टायपिस्ट असताना तिथल्या साहेबांची फाईल हरवली होती. पहिला खण कुणाचा उघडला होता?"

माझा.

"का उघडला होता?"

आम्ही कुठल्या वस्तीत राहतो ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून. फाईल साहेबांच्या गाडीत निघाली. 'सॉरी' कुणी म्हटलं नाही.

"पण नाथाने खरंच त्या ठेकेदाराकडे नोकरी केलीय," मी म्हणाले.

"हो ना," तो म्हणाला, आणि पुन्हा भाजी निवडू लागला.

मंगळवार, ११ मार्च

आज कल्याणहून फ्लॉप्या परत आणल्या. एकेक घालून मोजलं. पहिलीत बारा, दुसरीत नऊ, तिसरीत दहा. नवव्या फ्लॉपीपर्यंत बेरीज चौऱ्याऐंशी. म्हाताराही आहे, जाळं विणतोय.

म्हणजे फ्लॉप्या जशा गेल्या तशाच पोचल्या होत्या. सासूच्या खाटेखाली त्यांना काहीही झालं नव्हतं.

कदाचित कुणी परत बदलून ठेवल्या असतील, असं आत्ता लिहिलं होतं. खोडलं. हे वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं हे मात्र खोडत नाही.

बुधवार, १२ मार्च

सापडलं.

वकिलांच्या कचेरीत लॅपटॉपवरचे सगळे फोटो पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. एक फ्लॉपी घालायची, उतरवायची, मोजायचं. बारा. एकवीस. एकतीस. चौथी फ्लॉपी घातली आणि पडद्यावर चौकोन आला. DAMAJI1 या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का?

वकिलांनी सवयीने हात पुढे केला. मी त्यांचं मनगट धरलं. अशिलाच्या बाजूच्या कुणी वकिलाचं मनगट धरल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.

"याला तुम्ही हो म्हणालात?"

"दर वेळी हेच विचारत होतं. मला वाटलं, आत येऊ का म्हणून विचारतंय."

माझ्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक घराचा वेगळा खण, म्हणजे फोल्डर, आहे. पहिल्या खणातला DAMAJI1 आणि चौथ्या खणातला DAMAJI1 एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. वकिलांनी सगळ्या फ्लॉप्या एकाच टोपलीत ओतल्या. दुसरा दामाजी आला की पहिला पुसला गेला, तिसरा आला की दुसरा. मी मानाने जुनं घर आधी ठेवलं होतं, म्हणून पुसला गेला तो दर वेळी आधीचा, बहुतेकदा म्हाताराच. तेवीस वेळा.

पण त्यांनी चूक केली असं म्हणून मला सुटता येणार नाही. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर फाईलच्या नावाला आठ अक्षरं मिळतात. आठ अक्षरांत माणूस मावतो, त्याचा बाप मावत नाही. बापाचं नाव मी गाळलं. घराचा आकडा सहज घालता आला असता. घातला नाही.

गुरुवार, १३ मार्च

आवडाबाईला विचारलं, "तुमच्याकडे दामाजी किती?"

तिने पदर डोक्यावर घेतला. दामाजी हे तिच्या सासऱ्याचं नाव, ते ती उच्चारत नाही. बोटं दाखवली, तीन.

"म्हातारा गेला त्याच्या फुडल्या सालान माज्या घरान पोर झाला. मंग मधल्या दिराच्या, मंग धाकल्याच्या. तिगांनी त्याचाच नाव ठेवला. बापूस परत आला म्हनून. दुसरा नाव कोन ठेवील?"

"मग तुम्ही त्यांना हाका कशा मारता?"

"थोरल्याला बाला. दुसऱ्याला मधू. तिसऱ्याला धाकू. सासऱ्याचा नाव घेऊन पोराला शिव्या कशा घालनार गो?"

महिनाभर मी या घरांतून फिरले आणि खळ्यावर 'दामाजी' अशी हाक एकदाही ऐकली नव्हती. फोटोच्या मागे पुरुषांनी पूर्ण नावं लिहिलेली होती. तीच मी वाचली आणि अर्धी घेतली. जनाबाई म्हणजे एका घरातली सासू, आणि जनाबाई म्हणजे तिची दुसऱ्या घरातली, शाळेत जाणारी नात. गोमाजी दोन.

"मंग नाथानी काय केला नाय?" आवडाबाईने विचारलं.

"नाही."

"अगं बाय."

तिने मला चहा विचारला नाही.

सोमवार, १७ मार्च

सगळ्या फाईलींना नवी नावं दिली, घराच्या आकड्यासकट. पुन्हा नऊ फ्लॉप्या केल्या. लॅपटॉपवर उतरवताना त्याने एकदाही काही विचारलं नाही. चौऱ्याऐंशी तिथे, चौऱ्याऐंशी इथे. यादी समोर ठेवून एकेक जुळवला.

मग वकील म्हणाले, "आता वीस तारखेला काय सांगायचं ते ठरवू."

"काय झालं ते."

"वहिनी, नावं तुम्ही चुकवलीत असं एकदा सांगितलंत की साहेब म्हणणार, मग सालंही चुकवली असतील. त्यापेक्षा सोपं आहे. फ्लॉप्या ठेकेदाराच्या जुन्या ड्रायव्हरच्या हातून आल्या. एवढं मी म्हणतो. पुढचं साहेब स्वतःच समजतील. ठेकेदारही अडचणीत येईल."

"नाथाने काही केलेलं नाही."

"त्याने केलं असं मी कुठे म्हणतोय? एक रात्र होत्या एवढंच म्हणायचं."

माझंच वाक्य. शब्दसुद्धा तेच.

मी म्हणाले, ते वाक्य तुम्ही उच्चारलंत तर मी उठून उभी राहीन आणि खोटं म्हणेन, साहेबांसमोर. ते चिडले. "नऊ घरांच्या पोटापेक्षा तुम्हाला तुमची स्वच्छता मोठी वाटते."

वाटेत हे वाक्य सारखं डोक्यात होतं. ते अगदीच खोटं नाही. खळं गेलं तर माझं काय जाणार आहे? मी पत्रिका छापीन. आवडाबाई कुठे सुकवणार? पण नाथाच्या नावावर खळं राखलं तर त्या खळ्यावर नाथाने कुठे बसायचं? याचं उत्तर वकिलांकडे नाही. माझ्याकडेही फक्त एवढंच आहे, की मी ते वाक्य पुन्हा बोलू देणार नाही. हरलो तर हरलो.

चांगदेवने वकिलांना फोन केला. काय बोलला ठाऊक नाही. शाळेपासूनचे मित्र आहेत, शेवटी शिव्या ऐकू आल्या.

गुरुवार, २० मार्च

साहेब अकराला आले. सोबत दोन कारकून. खळ्यावर खांबांची चळत तशीच पडलेली, आणि तिच्या चारी बाजूंनी बायकांनी जवळा पसरलेला, साहेबांच्या खुर्चीला जेमतेम जागा ठेवून. ठेकेदाराचा माणूस वासाने नाकाला रुमाल लावून उभा होता. आवडाबाई त्याला म्हणाली, "तिकडं हो बाबा, सुकटीवर सावली परते तुजी."

वकिलांनी काही बोलण्याआधी मी लेखी निवेदन दिलं. मी यशोधरा, फोटोंचं काम मी केलं, फाईलींची नावं देताना वडिलांची नावं मी गाळली, त्यामुळे एका नावाचे फोटो एकमेकांवर पडले, यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. खाली सही.

साहेबांनी दोनदा वाचलं. "बाई, तुमची चूक तुम्ही कबूल करता. मग बाकीच्यावर विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका. तपासा."

"एका वाडीत तीन दामाजी? हे आता रचलंत."

"हाक मारून बघा."

त्यांना ते उद्धट वाटलं. मलाही वाटलं. मागे घेतलं नाही. साहेब खुर्चीत वळले आणि जोरात ओरडले, "दामाजी!"

होडीला डांबर लावणारा बाळा वर बघत म्हणाला, "ओ!" कौलांवर चढलेला मधू म्हणाला, "काय?" आणि मागच्या दारातून हातात जेवणाचा घास तसाच घेऊन धाकू बाहेर आला. नऊही घरांतल्या बायकांनी एकदम पदर डोक्यावर घेतले. या खळ्यावर त्या नावाने हाक बहुधा म्हातारा गेल्यापासून पहिल्यांदाच घुमली.

आवडाबाई साहेबांना म्हणाली, "आता तुमी माज्या सासऱ्याला बोलावलाव. तर बसा. त्याचा फोटू बघूनच जा."

कारकुनाने मतदार यादी काढली. तीन दामाजी, बाप वेगवेगळे. त्यानंतर साहेब दोन तास बसले. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी बघितले. म्हाताऱ्याच्या फोटोवर थांबले. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे खळ्याच्या कडेचा दगडी धक्का दिसतो. ते उठले, जवळ्यातून वाट काढत त्या धक्क्याशी गेले आणि उभे राहिले.

"साल नक्की कोणतं?"

"नक्की माहीत नाही," मी म्हणाले. "म्हातारा त्रेसष्टला गेला. त्याआधीचं. याहून जास्त मला माहीत नाही आणि मी सांगणार नाही."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. फोटो दाखल झाले. जागेची मोजणी होऊन निकाल लागेपर्यंत कुंपणाचं काम बंद. हा विजय नव्हे, वकिलांनी चार वेळा बजावलं. पाचव्या वेळी तेही हसले.

सगळे चहा पीत होते तेव्हा नाथा खळ्याच्या टोकाला उभा होता. मी त्याच्याकडे गेले.

"कागदावर लिहून दिलंय, नाथा. तुमचा हात नाही म्हणून."

"आयकला. सायबाला दिलाव." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "सायबाच्या घरान मी जेवाया जात नाय, मॅडम. माजा नाव ज्या नऊ घरांन गेलाय, तिथं जाऊन सांगा."

"त्यांनी आत्ता ऐकलंच की."

"त्यांनी खला वाचला ते आयकला."

रविवार, २३ मार्च

काल सहा घरं केली, आज तीन. आज होळी, त्याआधी संपवायचं होतं. नाथा प्रत्येक घरापर्यंत आला आणि प्रत्येक दाराबाहेर पाठ करून उभा राहिला. मी आत जाऊन एकच गोष्ट सांगितली: मी काय बोलले, का बोलले, आणि ते का खोटं होतं. 'का'पाशी दर वेळी अडखळले. त्याने ठेकेदाराकडे नोकरी केली होती म्हणून, असं म्हणायला लागायचं. एका घरात दगडू नावाचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मंग मी पन केलीय, चार म्हैने." आवडाबाईकडे सर्वांत कठीण गेलं, कारण माझं वाक्य तिच्याच तोंडून पुढे गेलं होतं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आता मी पन तुज्यासंगाती येतंय." पुढच्या घरांत ती माझ्या शेजारी बसली.

नववं घर नाथाचं स्वतःचं. त्याची भावजय शेवंती पुरणाच्या गडबडीत होती. मी सुरुवात केली, अर्ध्यावर आले तर ती उठली. "जाऊ दे बाय, झाला गेला. आमाना कलला. च्या ठेवते."

बाहेरून नाथा म्हणाला, "नाय कलला. पुरता आयक."

शेवंतीने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि बसली.

मी पहिल्यापासून सांगितलं.